घर कोणी बांधलं? वास्तुकलेतल्या स्त्रिया आणि कर्त्याचा प्रश्न



मागच्या वेळी कारण आणि कार्य यांच्याविषयी बोलता बोलता वेळ संपली, आणि आपण कुंभार, माती, घडा सगळं तसंच टाकून उठलो. आज घड्याच्या जागी घर घेऊ या. विषय आहे वास्तुकलेच्या व्यवसायात स्त्रियांनी केलेलं काम. आता आम्ही काही आर्किटेक्ट नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. टेबल डगमगायला लागलं तर पायाखाली कागदाची घडी सरकवणं, एवढंच आमचं बांधकामाचं ज्ञान. तरी हा विषय घेतला, कारण या स्त्रियांच्या बाबतीत जे घडलं त्याच्या मुळाशी आमच्या शास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. कर्ता कोणाला म्हणायचं?

आपल्या भाषेकडेच बघा. 'शाहजहानने ताजमहाल बांधला' हे वाक्य आपण सहज म्हणतो. त्याने वीट उचलली नाही की नकाशा काढला नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. मराठीत 'बांधवला' असं प्रयोजक रूप आहे, 'बांधून घेतला' असंही म्हणता येतं. पण म्हणत नाही. पाणिनीने कर्त्याची ओळख 'स्वतंत्र' या शब्दाने सांगितली आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्त्याच्या पंगतीला बसवलं. म्हणजे कर्ते एकाहून अधिक असू शकतात, हे व्याकरणाला मान्य आहे. आपल्या जिभेला मात्र एकच नाव सोसतं.

नैयायिकांनी याच्या पुढे जाऊन एक मोठी उपयोगी गोष्ट केली. घडा होण्याच्या आधी पुष्कळ काही हजर असतं. कुंभार असतो, चाक असतं, दंड असतो, माती असते. शिवाय कुंभाराचा बाप कधीतरी होऊन गेलेला असतो, आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग यातलं कारण कोणतं? नैयायिक म्हणतात, बाप आणि गाढव ही कारणं नव्हेत, ती 'अन्यथासिद्ध'. म्हणजे आधी हजर होती हे खरं, पण त्यांना कारण म्हणून मोजायची गरज नाही. त्यांच्याशिवायही घड्याचा हिशेब पुरा होतो. (उदाहरण शास्त्राचं आहे, आमचं नव्हे. कोणी रागावू नये.) आणि परीक्षा कशी करायची? अन्वय आणि व्यतिरेक. ते असलं की कार्य होतं का, आणि ते काढून घेतलं तर कार्य अडतं का.

आता आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग उदाहरणं बघू. वास्तुकलेत स्त्रियांचं काम दिसतच नव्हतं, असं नाही. ते सगळ्यांना दिसत होतं. पण मोजताना त्यांना अन्यथासिद्धाच्या रकान्यात टाकलं गेलं.

आणि हे पाप आम्ही स्वतः केलं आहे, तेव्हा सुरुवात आमच्यापासूनच करतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही पुण्यात एक लहानसं घर बांधलं. आर्किटेक्ट एक जोडपं होतं, दोघंही शिकलेले, कचेरी दोघांची. नाव सांगत नाही. त्यांना आम्ही 'साहेब' म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला 'वहिनी'. साहेब महापालिकेच्या परवानग्या, कंत्राटदार, स्लॅबचं लोखंड बघायचे. वहिनी एक वही घेऊन यायच्या आणि आमच्या आईजवळ बसायच्या. आई पापड कुठे वाळत घालते, पाटावरून उठताना कोणत्या हाताने आधार घेते, दुपारी कुठे आडवी होते, असलं काहीबाही विचारायच्या. आम्हाला वाटे, बायकांच्या गप्पा चालल्यात. घर झालं तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आली होती, तिच्याखाली बसता येईल असा रुंद कट्टा होता, आणि देवघराशेजारी भिंतीत आईच्या उजव्या हाताच्या उंचीवर एक लाकडी दांडा होता. आई त्या घरात सोळा वर्षं राहिली आणि त्या दांड्याला धरून रोज उठली.

वास्तुशांतीला आम्ही साहेबांना शाल-श्रीफळ दिलं. चार शब्द बोललो, 'साहेबांनी आमचं घर उभं केलं' असं. वहिनींची आमच्या पत्नीने खणानारळाने ओटी भरली. त्या वेळी आम्हाला यात काही खटकलं नाही, हे महत्त्वाचं. कारणमीमांसेवर वर्गात तास तास बोलणारा माणूस, आणि समोर दोन कर्ते उभे असताना त्याला एकच दिसला. दुसरीला आम्ही कर्त्याची सौभाग्यवती म्हणून मान दिला. मान दिला बरं का, अपमान नाही केला! गंमत तिथेच आहे.

आता हीच गोष्ट जगाच्या व्यासपीठावर कशी घडली ते पाहू. वास्तुकलेतला सर्वांत मोठा पुरस्कार प्रित्झ्कर, तो १९७९ पासून दिला जातो. १९९१ साली तो रॉबर्ट व्हेंचुरी यांना मिळाला, एकट्यांना. त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन त्यांच्या व्यवसायातल्या भागीदार होत्या. नुसत्या कागदोपत्री भागीदार नव्हेत. या दोघांचं नाव ज्या पुस्तकामुळे जगभर झालं ते लास व्हेगासवरचं पुस्तक १९७२ चं, स्टीव्हन आयझेनॉर यांच्यासह तिघांच्या नावावर आहे. जुगाराचे अड्डे, झगमगते फलक, मोटारींसाठी बनलेले रस्ते, ज्याकडे शिष्ट वास्तुकार नाक मुरडून बघत, त्याचा गंभीरपणे अभ्यास करावा ही त्यातली दृष्टी. आणि व्हेंचुरींना १९६६ साली लास व्हेगास पाहायला बोलावलं कोणी? स्कॉट ब्राउन यांनी. लग्न त्यानंतर, १९६७ मध्ये. त्या नगररचनेचं शिक्षण घेतलेल्या होत्या. फिलाडेल्फियातल्या साउथ स्ट्रीट या वस्तीवरून हमरस्ता जाणार होता तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या बाजूने त्यांनी पर्यायी आराखड्याचं काम केलं. रस्ता, वस्ती, माणसांची वर्दळ यांच्यापासून इमारतीकडे येण्याची जी रीत त्या कचेरीची ओळख ठरली, तिच्यातून स्कॉट ब्राउन वजा करून बघा. व्यतिरेकाची परीक्षा लावा. काय उरतं? एक फार बुद्धिमान माणूस उरतो, पण ज्याला पुरस्कार मिळाला ते काम उरत नाही.

आणि याहून नवलाची गोष्ट अशी की पुरस्काराच्या मानपत्रात स्कॉट ब्राउन यांचा उल्लेख आहे! लेखनात आणि इमारतींत त्या सहभागी होत्या असं परीक्षक मंडळ स्वतःच लिहितं. म्हणजे कार्यात सहभाग कबूल, पण कर्तेपण नाकबूल. शाल एकाला आणि ओटी दुसरीला, याची ही अमेरिकन आवृत्ती. त्या समारंभाला गेल्या नाहीत.

त्यांनी या सगळ्यावर एक लेख १९७५ सालीच लिहून ठेवला होता, पण छापला १९८९ मध्ये. कारण उघड आहे, तक्रार करणारी बाई म्हणून नाव पडलं की कामं मिळत नाहीत. त्या लेखातला त्यांचा रोख केवळ पुरुषांवर नाही. वास्तुकलेला एक 'तारा' लागतो, असं त्यांचं निदान आहे. इमारत पन्नास जणांनी केलेली असते, पण टीकाकारांना, विद्यार्थ्यांना, गिऱ्हाइकांना पूजेसाठी एक मूर्ती हवी असते. आणि मूर्ती घडवताना नवरा-बायकोतल्या बायकोला मखरात जागा नसते. आम्हाला हे निदान फार नेमकं वाटतं.

२०१३ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी अर्ज केला की स्कॉट ब्राउन यांचं नाव त्या पुरस्कारात मागाहून जोडावं. हजारो सह्या झाल्या. त्यात एक सही खुद्द व्हेंचुरी यांची होती. मंडळाने नकार दिला: आधीच्या परीक्षकांचा निर्णय नंतरच्यांना बदलता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण दोघांना एकत्र पुरस्कार देता येत नाही अशी काही अडचण नव्हती. २००१ मध्ये हेर्झोग आणि द म्यूरॉन या दोन पुरुष भागीदारांना तो मिळालाच होता. २०१० मध्ये काझुयो सेजिमा आणि र्यूए निशिझावा यांनाही मिळाला. आणि तरी २०१२ मध्ये चीनच्या वांग शू यांना एकट्यांना दिला गेला. त्यांची कचेरी त्यांच्या पत्नी लू वेन्यू यांच्यासह स्थापन झालेली. अमेरिकेच्या आर्किटेक्टांच्या संस्थेने मात्र आपल्या सुवर्णपदकाचा नियम बदलला आणि २०१६ मध्ये ते पदक व्हेंचुरी आणि स्कॉट ब्राउन यांना जोडीने दिलं. याच संस्थेने २०१४ मध्ये ज्यूलिया मॉर्गन यांना पदक दिलं होतं. त्या एकट्याने काम करत, कॅलिफोर्नियात त्यांच्या नावावर सातशेच्या घरात इमारती आहेत. त्यांचा मृत्यू १९५७ चा. म्हणजे नवरा आड नसला तरी पदक यायला सत्तावन्न वर्षं लागतात.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घराची गोष्ट थोडक्यात सांगतो. आयलीन ग्रे या आयरिश स्त्रीने १९२६ ते १९२९ या काळात जाँ बादोविची या मित्रासाठी समुद्रावर एक घर बांधलं. नाव ठेवलं ई-१०२७. ई म्हणजे आयलीन. इंग्रजी वर्णमालेतलं दहावं अक्षर जे, दुसरं बी, सातवं जी. आपल्या नावाच्या दोन अक्षरांच्या मधे तिने मित्राची अक्षरं बसवली. पुढे ती ते घर सोडून गेली, आणि ल कॉर्बुझिए हे थोर गृहस्थ तिथे पाहुणे म्हणून आले असता त्यांनी तिच्या पांढऱ्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवून टाकली. तिला विचारलं नाही. पुढे कित्येक वर्षं ते घर बादोविचीचं, क्वचित कॉर्बुझिएचंच, म्हणून ओळखलं जात राहिलं. घराच्या नावातच कर्ती लिहून ठेवली होती, तरी वाचता येईना.

आता जवळ येऊ, कारण या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. मुंबईच्या जे. जे. मधून १९३६ साली पेरीन जमशेदजी मिस्त्री या पारशी तरुणीने वास्तुकलेची पदविका घेतली. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री वास्तुविशारद म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यानंतर काही वर्षांनी श्रीलंकेतल्या कॅंडीहून मिनेट द सिल्वा ही मुलगी मुंबईत शिकायला आली. जन्म १९१८ चा. १९४२ च्या धामधुमीत गांधीजींच्या सुटकेसाठीच्या सभेला गेली म्हणून तिला जे. जे. मधून काढून टाकलं. माफी लिहून दे, म्हणाले, तिने दिली नाही. परदेशातून आलेली मुलगी, शिक्षण अर्धवट, आणि लढा तरी कोणाचा! मग तिने बंगळूरला ओटो केनिग्सबर्गर यांच्याकडे काम केलं, लंडनला जाऊन शिक्षण पुरं केलं आणि १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेची सहसदस्य झाली, तो मान मिळालेली पहिली आशियाई स्त्री. मुंबईत मुल्कराज आनंदांच्या बरोबरीने १९४६ मध्ये जे 'मार्ग' नियतकालिक सुरू झालं, त्याच्या उभारणीत मिनेट आणि तिची बहीण अनिल या दोघी होत्या. 'मार्ग' म्हटलं की आपल्याला आनंदांचं नाव आठवतं. आम्हालाही तेवढंच आठवत असे.

१९४९ मध्ये मिनेटबाई कॅंडीला परतल्या आणि डोंगरउतारावर करुणारत्ने कुटुंबाचं घर बांधलं. काँक्रीट आणि काचेसोबत त्यांनी तिथल्या विणकरांची कामं, गावच्या भट्टीत भाजलेल्या कौली फरशा, अंगणाची जुनी पद्धत हे सगळं आणलं. आधुनिक घर उष्ण पावसाळी देशात कसं असावं, आणि ते त्या मातीतलं कसं वाटावं, हा त्यांचा प्रश्न. त्याला त्यांनी नावही दिलं होतं, आधुनिक प्रादेशिक वास्तुकला. पन्नाशीच्या दशकातली ही गोष्ट. पुढे या शैलीबद्दल जगात नाव झालं ते जेफ्री बावा यांचं. बावा मोठेच, त्यात शंका नाही. पण ते वास्तुविशारद म्हणून काम करू लागले ते १९५७ मध्ये.

आम्हाला मात्र मिनेटबाईंचं सर्वांत मोठं काम वाटतं ते वाटपुलुवाची वसाहत, १९५८ ची. सरकारी नोकरांसाठी दोनशेहून अधिक घरं, वेगवेगळ्या समाजांची माणसं एकत्र राहणार. त्यांनी काय केलं? प्रश्नावली काढली. कुटुंबात किती जण, स्वयंपाक कसा करता, काय परवडतं, असं एकेका कुटुंबाला विचारलं आणि त्यावरून घरांचे वेगवेगळे प्रकार आखले. आज याला लोकसहभाग म्हणतात आणि त्याच्या परिषदा भरतात. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आमच्या आईजवळची ती वही आठवली.

१९९८ मध्ये त्या गेल्या, फारशी कामं हातात नसलेल्या अवस्थेत. त्यांच्या अनेक इमारती पाडल्या गेल्या किंवा ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या. सामान्य वाचकाला त्यांच्याविषयी काय ठाऊक असतं? १९४८ मधला साडीतला एक फोटो, शेजारी पिकासो; आणि कॉर्बुझिएशी असलेली मैत्री. या मैत्रीवर जेवढं लिहिलं गेलं तेवढं वाटपुलुवावर लिहिलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

कॉर्बुझिएचं नाव आलंच आहे तर चंडीगडबद्दल दोन शब्द. शहराचा आराखडा आणि राजधानीच्या भव्य इमारती त्यांच्या. पण माणसं ज्या घरांत राहायला आली ती सरकारी घरं, शाळा, दवाखाने आखणाऱ्यांत जेन ड्र्यू होत्या, आणि १९५१ पासून त्या चमूत यूली चौधरी ही भारतीय स्त्री होती. ती पुढे हरियाणाची आणि मग पंजाबची मुख्य वास्तुविशारद झाली. चंडीगडच्या त्या लाकडी खुर्च्या आज परदेशात लिलावात भारी किमतीला जातात, त्या प्येर जानरे यांच्या नावावर. त्या फर्निचरच्या कामात चौधरीबाई सहभागी होत्या, हे लिलावाच्या पुकाऱ्यात सहसा ऐकू येत नाही. आणि आपली नवी मुंबई? खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना १९६५ मध्ये 'मार्ग'च्या अंकात तिघांनी मांडली: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. वाशीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना तिसरं नाव ठाऊक आहे, हात वर करा. ... दोन. ठीक आहे, दोन म्हणजे पुष्कळ.

इथे कोणीतरी आक्षेप घेणार, आणि घ्यायलाही हवा. 'सर, मग सगळ्यांचीच नावं लिहायची का? गवंडी, सुतार, सेंटरिंगवाला, घमेलं वाहणारी बाई? कर्तेपण असं वाटत सुटलात तर त्याला अर्थ काय उरेल?' आक्षेप खरा आहे. नैयायिकांनी गाढव वगळलं ते याच भीतीने. सगळंच कारण मानलं तर कारण या शब्दाला काम उरत नाही.

आमचं उत्तर असं. परीक्षा सगळ्यांना लावा, पण एकच लावा. ही व्यक्ती नसती तर ही इमारत अशी झाली असती का? 'अशी' या शब्दावर जोर आहे. घमेलं वाहणारी बाई बदलली तर इमारत बहुधा तशीच होते; तिला कर्ती म्हणून तिचं भलं होत नाही. तिला योग्य मजुरी, सावली आणि पाळणाघर हवं. मात्र तीच बाई वर्षानुवर्षं घमेलंच का वाहते आणि तिच्या हातात थापी का येत नाही, गवंडी नेहमी पुरुषच का, हा प्रश्न वेगळा आहे आणि छोटा नाही. तिला निर्णयाच्या जागेपर्यंत येऊच दिलेलं नाही. स्कॉट ब्राउन, ग्रे, मिनेट द सिल्वा यांची गोष्ट उलट आहे: त्या निर्णयाच्या जागी होत्या, निर्णय त्यांनी घेतले, आणि मोजताना त्यांना वगळलं. दोन्ही अन्याय आहेत, पण औषध एक नाही. आणि कोणाला वाटेल, नावात काय ठेवलंय? व्यवसायात नावातच सगळं आहे. पुढचं काम नावाला मिळतं, कर्ज नावाला मिळतं, विद्यार्थिनी नाव वाचून या शाखेकडे वळतात. सारी कागदपत्रं जपायची की रद्दीत घालायची, हेही नाव पाहूनच ठरतं.

कागदपत्रांवरून एक सांगायचं राहिलं. आमच्या घराचे मूळ नकाशे दोन वर्षांपूर्वी कपाटात सापडले. ट्रेसिंग कागदावर काढलेले, पिवळे पडलेले. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, त्यात कोणी आखलं, कोणी तपासलं याच्या आद्याक्षरांची जागा असते. साहेबांची सही मोठी, शाईची, पालिकेच्या शिक्क्याशेजारी. आणि 'आखणी' या शब्दापुढे अकराही नकाशांवर, पेन्सिलीने, वहिनींची दोन अक्षरं. आम्ही फोन केला. साहेब आता नाहीत. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. आम्ही म्हटलं, बाई, तुमचं नाव दाराशी लावायचं आहे. त्या म्हणाल्या, 'दोघांचं लावा. आणि तो दांडा अजून आहे का?' आहे, म्हणालो.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुने नकाशे असतील त्यांनी आज गेल्यावर तो कोपरा बघा. अक्षरं सापडली तर पुढच्या वेळी येताना लिहून आणा. पुढच्या गुरुवारी याच वेळी, याच जागी, विषय अरिस्टॉटल. तोही कारणं समजावताना घराकडेच येतो. आता दहा मिनिटं चहा, आणि मग प्रश्न घेऊ.